आठ गुण लपण्याला

सत्तरच्या दशकातली गोष्ट. विट्याच्या पुढं, दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी ऑपरेटर होतो. गावात फोन मोजके, आणि तेही बहुतेक गलाईवाल्यांच्या घरी. घरची माणसं सोनं गाळायच्या दुकानांपायी कोइमतूर नाहीतर कानपूरला. त्यांचे कॉल सकाळी यायचे, नाहीतर दिवेलागणीला. दुपारी बोर्ड मेल्यासारखा पडून असायचा आणि त्याच्यापुढं मी.

बाहेरगावचा कॉल सांगलीच्या बोर्डावरून पुढं जायचा. तिथं दुपारी एक मुलगी असायची. तिच्या पलीकडं, साताऱ्याच्या बाजूला, फौजेतल्या सिग्नलवाल्यांतून निवृत्त होऊन तिथल्या बोर्डावर लागलेला एक हवालदार. तिघांपैकी कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. लाइन चालू आहे का ते बघता बघता दोन शब्द व्हायचे, आणि त्यातून खेळ निघाला. काढला मीच. उभ्या आयुष्यात स्वतःच्या डोक्यातून काढलेली माझी ती एवढीच गोष्ट, आणि तिनंच माझं वाटोळं केलं.

खेळ सोपा होता. चौकडीच्या कागदावर एक गड. हवालदाराचा गडी राखणदार, माझा चोर; चोरानं दारातून आत शिरून गड घ्यायचा. प्रत्येक गड्याला दहा गुण. ते बळ, पाय आणि लपणं यांत ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं वाटायचे. हवालदारानं सहा बळाला दिले, चार पायाला. "लपणं आमच्यात बसत न्हाई," म्हणाला. मी बळाला एक, पायाला एक, आणि उरलेले आठ लपण्याला. फासा सांगलीकडं, निवाडाही तिचाच. गिऱ्हाईकाचा कॉल आला की डाव जागच्या जागी थांबायचा.

आता लपलेला चोर कोणत्या घरात आहे हे राखणदाराला कळून कसं चालेल? म्हणून माझी पाळी आली की सांगली बोर्डातून हवालदाराची कॉर्ड, म्हणजे त्याची लाइन जोडणारी वायर, काढायची, की त्याला काही ऐकू येत नसे, मी माझं घर तिला हळूच सांगायचो, ती कागदावर खूण करायची आणि कॉर्ड परत लावायची. लपण्याचे जितके गुण तितक्या पाळ्या सलग लपता यायचं. म्हणजे आठ वेळा कॉर्ड निघणार, आणि आठ वेळा लाइनवर फक्त ती आणि मी.

एवढ्यासाठी तो सगळा उपद्व्याप होता. मला तिला मागणी घालायची होती. तिचं घर माझ्याच नोकरीच्या गावी, एक्सचेंजच्या मागच्या आळीत. सोयरिकीला अडचण नव्हती; पाहुण्यांतून पाहुणे काढत मी थेट तिच्या आत्यापर्यंत जाऊन आलो होतो. रविवारी ती गावी यायची. त्या दिवशी मी एक्सचेंजचं दार आतून लावून बसायचो. तर असा हा शूर पुरुष रोज सकाळी दाढी करताना ठरवायचा, आज कॉर्ड निघाली की विचारायचंच. कॉर्ड निघायची. आणि मी म्हणायचो, "डावीकडं एक घर."

इकडं हवालदार कावला होता.

"गड्या, तुजा चोर हाय का भूत? दिसंल तवा शपथ."

"लपण्याला आठ गुण दिलेत. फुकट नाही लपत तो."

"आन माझं बळ काय चाटायचं? हाणायला म्होरं कोनतरी लागतंय का न्हाई?"

"मग तुम्हीही द्या दोन गुण लपण्याला."

"राखणदारच लपला तर गड कुनाचा रं?"

सांगली हसली. "हवालदारांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "लपणं फार स्वस्त पडतंय."

हवालदारानं दुरुस्ती मांडली: लपणाऱ्यानं दर तिसऱ्या पाळीला एकदा खोकायचं, म्हणजे तो कुठल्या बाजूला आहे ते कळेल. खोकला त्याला ऐकू यायचा तर त्या पाळीला कॉर्ड निघणार नाही, म्हणजे तिघांतली एक संधी माझी गेली. मी जिवाच्या आकांतानं भांडलो. कोल्हा उसात शिरतो तेव्हा खोकतो का, असा मुद्दा काढला आणि स्वतःवर खूश झालो.

"कोल्ह्याला गड घ्याचा नसतोय, ऊस खायचा असतोय," हवालदार म्हणाला. "तुला काय करायचंय ते एकदा ठरीव."

दुरुस्ती बारगळली, पण मला काय करायचंय हे त्याला कसं सांगायचं? गड घेतला की डाव संपणार, म्हणून माझा चोर भिंतीला धरून नुसता गोल फिरायचा. पुढं एकदा कॉर्ड काढल्यावर सांगली म्हणाली, "काल याच घरात होता तुम्ही."

"डावपेच आहे."

"असेल. तुमचा चोर दारापर्यंत येऊन माघारी फिरतो, हे हवालदारांना दिसत नाही. मला दिसतं."

त्या वाक्यावर मी आठवडाभर विचार केला. एवढंच केलं.

एका दुपारी सांगलीच्या बोर्डावर तिच्या जागी दुसरंच कुणी होतं, आणि हवालदाराचा कॉल आला. "आज डाव न्हाई. एक इचारायचंय. आपल्या सांगलीचं घर तुज्याच गावात हाय म्हणं. मानसं कशी हायती?"

"का?"

"पुतन्या हाय माजा, मिलिटरीत. मी पोरीचं बोलनं वरीसभर आयकतोय, लय सरळ पोर. म्हटलं, घरात आनावी."

आमच्याकडं सोयरीक मोडायला शिव्या द्याव्या लागत नाहीत. 'बघा बुवा, तुमचं तुम्ही' एवढं सावकाश म्हटलं की पाहुणे चहा न घेता उठतात. ते चार शब्द माझ्या जिभेवर होते. "माणसं चांगली आहेत," मी म्हणालो. कुणी विचारलं नसताना वर "मुलगी तर लाखात एक" असंही म्हणालो.

"मग लाव तिच्या बापाचा नंबर."

मी लावला. तीन मिनिटांनी लाइनवर जाऊन, नियमाप्रमाणे, "तीन मिनिटं झाली," म्हणून सांगितलं. तिचे वडील म्हणाले, "वाढवा, वाढवा, चांगलं बोलणं चाललंय." मी वाढवली.

दुसऱ्या दिवशी डाव सुरू झाला. माझी पाळी आली, कॉर्ड निघाली.

"काल घरी फोन आला होता," ती म्हणाली. "तुम्हीच जोडला?"

"हो."

"आमची माणसं चांगली आहेत, हे पण तुम्हीच सांगितलं."

"चांगलीच आहेत."

"मी अजून होकार दिलेला नाही. बाबा आज संध्याकाळी फोनवर विचारणार आहेत." ती म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचंय?"

हवालदाराची कॉर्ड तिच्या हातात होती आणि तिला लावायची घाई नव्हती. इतका वेळ कॉर्ड कधीच बाहेर राहिली नव्हती. मी घसा खाकरला. वर्षभर आरशापुढं घोकलेलं वाक्य पूर्ण तयार होतं.

"डावीकडं एक घर," मी म्हणालो.

"लिहिलं," ती म्हणाली आणि कॉर्ड लावली.

लग्न साताऱ्याच्या बाजूला, मुलाच्या गावी झालं. मी एसटीनं एकटाच गेलो. का गेलो ते विचारू नका. मुलीकडच्यांनी पाहू नये म्हणून मुलाकडच्या गर्दीत बसलो. अक्षता पडल्या, आणि कर्ण्यावरून हवालदाराचा आवाज आला, फोनवरच्याइतकाच ओळखीचा. "ज्येनी ह्ये लगीन जमवलं, त्ये टेलिफोनवाले पाव्हणं जितं आसतील तितनं म्होरं यावं. त्येंला फेटा बांदायचाय." तीनदा पुकारलं. मी शेजारच्यांबरोबर मान वळवून मागं बघितलं, कोण उठतंय म्हणून. शेवटी फेटा गावच्या पाटलाला बांधला.

आहेर करायला रांग लागली होती. तिच्या पुढ्यात आलो तेव्हा तिला पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मनात धरलेल्या बाईपेक्षा ही बरीच लहान आणि दमलेली होती. मी पाकीट पुढं केलं. तिनं ते घेतलं, माझ्याकडं सरळ पाहिलं, आणि पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाली, "जेवून जावा हं."

एक शब्द बोललो असतो तर तिनं ओळखलं असतं. मी मान हलवली आणि पुढं सरकलो.

पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, तुमी मुलाकडचं का मुलीकडचं?" मी बुंदीवाल्याला हाक मारली आणि म्हाताऱ्याच्या पानात दुसरी वाढणी घालायला लावली.