रुग्णाला कार्ड देण्यात आले

आमच्या विभागातून निघालेल्या एका पेपरावर सात जणांची नावं आहेत. त्या सातांमध्ये पेशंट डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी एकटा. पहिलं नाव सरांचं, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांचं. दुसरं त्यांच्या मेहुणीच्या मुलाचं. तो तेव्हा पुण्यात डोळ्यांचं शिकत होता आणि पेशंट होती कातडीची. तिसरा मी. बाकीची चार नावं लग्नपत्रिकेत शेवटी ‘आपले नम्र’ म्हणून छापतात त्या जातीची. कोणी रुसू नये म्हणून घातलेली. छपाईला जायच्या आदल्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “डीनसाहेबांचं राहिलं का रे?” राहिलं होतं. घातलं.

मी धुळ्याच्या बाजूला एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो. मूळचा बोदवडचा. आमचं दुसरं काम म्हणजे वॉर्डांत फिरायचं, कोणाला कोणत्या औषधाने त्रास झाला ते शोधायचं आणि वर कळवायचं. हे काम चांगलं आहे, मनापासून केलं तर उपयोगाचंही आहे. पण आमच्याकडे ते पेपरासाठी करतात. पेपर हवेत प्रमोशनसाठी आणि प्रमोशन हवं ते दारावरची पाटी बदलायला. पेशंट ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट.

ही बाई सोनगीरच्या पुढच्या एका खेड्यातली. लघवीला जळजळ होते म्हणून गावातल्या डॉक्टरने तिला सल्फाची गोळी दिली. दोन दिवसांत अंगभर फोड आले, ओठ सोलले, डोळे उघडेनात, पाठीची कातडी चादरीला चिकटून निघायला लागली. आमच्याकडे आणली तेव्हा ती वाचेल असं कोणालाच वाटत नव्हतं. वॉर्डातल्या पोरींनी, म्हणजे सिस्टर आणि दोन रेसिडेंट डॉक्टरांनी, तिला वाचवली. त्या तिघींपैकी एकीचंही नाव पेपरावर नाही. मी रोज जाऊन फोटो काढत होतो, वहीत लिहीत होतो. कोणती गोळी, केव्हा घेतली, किती तासांनी फोड आले. पहिल्याच दिवशी मला गुन्हेगार सापडला होता.

अशा माणसाला घरी जाताना एक कार्ड द्यायचं असतं. छोटंसं, आधार कार्डाएवढं. ‘या रुग्णास पुढील औषध देऊ नये’ आणि खाली औषधाचं नाव. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेली तरी तिने ते दाखवायचं. सल्फा पुन्हा पोटात गेली तर दुसऱ्यांदा वाचवायला कोणी नसतं. कार्डांचा गठ्ठा सरांच्या कपाटात असायचा आणि किल्ली सरांच्या खिशात. तिला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी सर जळगावला होते, कुठल्याशा मंडळाचा सत्कार घ्यायला. मी सिस्टरना म्हणालो, “पोस्टाने पाठवतो, पत्ता आहे माझ्याकडे.” सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्या. बाईच्या डिस्चार्जच्या कागदावर कोणीतरी घाईघाईत ‘गोळीची रिअॅक्शन’ एवढंच लिहिलं होतं. कोणती गोळी ते नाही.

मी ते कार्ड पाठवलं नाही. कारण सांगण्यासारखं काहीही नाही. विसरलो.

पेपर मात्र विसरलो नाही. आमच्याकडे पेपर लिहीत नाहीत, जुन्या पेपरावर नवा बसवतात. आजाराचं नाव बदलायचं, वय बदलायचं, फोटो बदलायचे. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य वर्षानुवर्षं तसंच चालत आलेलं होतं: रुग्णाला कार्ड देण्यात आले. ते मी तसंच ठेवलं. पाठवणारच आहोत की, असं मनाशी म्हणालो. ज्या मासिकाने पेपर घेतला ते नावाने आंतरराष्ट्रीय होतं. त्यांच्या तज्ज्ञाने आठवड्याच्या आत उत्तर धाडलं: काम उत्तम आहे, फक्त भाषा एकदा तपासा. भाषा सोडून बाकी सगळं खोटं असतं तरी चाललं असतं.

पुढे जळगावात सरांचा आणखी एक सत्कार झाला. दारात मोठा फ्लेक्स, त्यावर सर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेले. त्या यंत्राला त्यांनी विद्यार्थी असल्यापासून हात लावला नसेल. भाषणात ते म्हणाले, “आमच्या संशोधनाचा केंद्रबिंदू हा खानदेशचा गरीब माणूस आहे.” टाळ्या पडल्या. मग भरीत आणि कळण्याच्या भाकरी. मीही दोन वेळा भरीत वाढून घेतलं, हे सांगितलं पाहिजे. सरांना नावं ठेवणं सोपं आहे. शाल त्यांच्या खांद्यावर होती, पण ते वाक्य माझ्या हातचं होतं.

वर्ष उलटलं असेल, तेव्हा त्या भागातल्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरबाईंचा विभागात फोन आला. नवीन मुलगी, आवाजात अजून चीड शिल्लक होती. “सर, माझ्याकडे एक टीबीची पेशंट आहे. तुमच्या हॉस्पिटलमध्ये अंग जळून राहिली होती म्हणते. टीबीची एकही गोळी घेत नाही. तिला नेमकी कोणत्या औषधाची रिअॅक्शन आली होती?” मी वही न उघडता सांगितलं. पलीकडून लगेच प्रश्न आला. “मग तिला हे कोणी सांगितलं का नाही?”

सरांकडून किल्ली मागून कार्डं काढली आणि दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलवर निघालो. डॉक्टरबाईही तिथे आल्या होत्या. ती बाई ओट्यावर बसली होती, निम्मी झालेली. हातावर फोडांचे जुने डाग होते. शेजारी तिची मुलगी मिरच्यांचे देठ काढत होती आणि मधून मधून ओढणी तोंडाला लावून खोकत होती. आईचं सगळं तीच करायची, रात्री तिच्याजवळच झोपायची. डॉक्टरबाईंनी मुलीचाही बेडका तपासायला घेतला.

मी कार्ड पुढे केलं, औषधाचं नाव मोठ्याने सांगितलं, ते कशाकशात असतं तेही. बाईने ऐकून घेतलं.

“तुमनाच दवाखानामा पडेल व्हती मी,” ती म्हणाली. “गोयीनी रिअॅक्शन शे, इतलंच सांगं. कोनती गोयी, ते कोनी सांगं नही. मंग मी बठ्ठ्याच गोया सोडी दिन्यात.”

“ही एकच सोडायची होती, अक्का. बाकीच्या चालतात.”

“तुमले हाई माहीत व्हतं?”

“होतं.”

“कवयपशी?”

“पहिल्या दिवसापासून.”

तिने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्डाजवळ ठेवलं. गोळ्या घेणार का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. “पाहसू,” म्हणाली. तिच्या छातीत आजार महिनोन् महिने वाढत होता आणि तिला वाचवणारी गोळी कोनाड्यात पडून होती. कारण एका शिकलेल्या माणसाने तिला एक नाव सांगितलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, पण लाज वाटून तिच्या पोटात गोळी जाणार नव्हती.

परत येऊन सरांना म्हणालो, मासिकाला कळवू या. आपण लिहिलेलं वाक्य खोटं आहे, दुरुस्ती छापायला सांगू या. सरांनी चष्मा काढला. “आता दिलंस ना कार्ड?”

“दिलं.”

“मग झालं की! वाक्य खरं झालं. उगाच सात जणांना कशाला खाली ओढतोस?”

या माणसाने आयुष्यात केलेलं हे एकमेव मूळ संशोधन असेल. आणि खरं सांगू? ऐकून मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही किळस येते. सरांची इतकी कधी आली नाही. मासिकाला मी एकट्याच्या नावाने पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. सरांनी मला आठ दिवस चहाला बोलावलं नाही, एवढीच काय ती माझी शिक्षा.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंचा पुन्हा फोन. मुलीचा रिपोर्ट आला होता. तिलाही टीबी. “गोळ्या घ्यायला तयार नाही. आई म्हणते, पोरीलाही कार्ड पाहिजे. आधी कार्ड, मग गोळ्या. तुम्हीच या सर. माझं ऐकत नाहीत.”

गेलो. बाईने मला बसायला खाट टाकली. “मन्ही पोरले बी लिखी द्या भाऊ. कोनती गोयी चालत नही, ते पहिलेच लिखी द्या. मंग ती खाई.”

मी समजावलं, की कार्ड आधी देता येत नाही. एखाद्या औषधाचा त्रास झाला तरच कळतं की ते चालत नाही.

“म्हनजे पहिले चामडी जळी, मंग कार्ड भेटी?”

आमच्या शास्त्रात याचं उत्तर हो असं आहे. डॉक्टरबाई हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, “लिहून टाका ना सर काहीतरी. सगळी औषधं चालतील, असं लिहा. गोळ्या तरी सुरू होतील.” खिशात कोरी कार्डं होती, पेनही होतं. टीबीच्या गोळ्यांनीही कधीकधी अंगावर उठतं, लिव्हर बिघडतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. मी पेन उघडलं आणि परत बंद केलं.

“हिला कोणती गोळी चालणार नाही, ते मला माहीत नाही, अक्का,” मी म्हणालो. “कोणालाच माहीत नसतं. अंगावर पुरळ दिसलं, डोळे पिवळे झाले, की त्याच दिवशी मॅडमकडे यायचं. माझा नंबरही ठेवा.”

बाईने मुलीकडे पाहिलं. मग उठली, कोनाड्यातून स्वतःची गोळ्यांची पाकिटं काढून आणली, सगळी, एकही न फोडलेली.

“मी पहिले खासू,” ती म्हणाली. “माले काही व्हयनं नही, ते पोर खाई.”

आईला काही झालं नाही म्हणून मुलीला होणार नाही, असं काही नसतं. हे मला माहीत होतं, डॉक्टरबाईंनाही माहीत होतं. मुलीचे उपचाराचे दिवस फुकट जाणार हेही माहीत होतं. मी हे सगळं तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि मुलीला पाणी आणायला पाठवलं.

डॉक्टरबाईंनी त्यातून एका दिवसाच्या गोळ्या काढून दिल्या. एकेक गोळी तिने तळहातावर घेतली, पाहिली, गिळली. मुलगी तांब्या धरून समोर उभी होती आणि आईच्या हातांकडे बघत होती, कुठे फोड येतो का म्हणून. मीही बघत होतो.