झनकलालांचे दहा दाणे

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोणी धान घेऊन येतं का? झनकलाल पटले आणत. त्यांच्या उजव्या खिशात कपाटांच्या किल्ल्या असत आणि डाव्या खिशात मूठभर धान. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या तळहातावर दहा दाणे ठेवत आणि समोर एक बरणी, चिठ्ठी भिंतीकडे वळवलेली. बरणीतल्या प्राण्याची एक खूण नीट पाहून सांगितली, की एक दाणा टेबलावर ठेवायचा. हात रिकामा होईपर्यंत प्राण्याचं नाव घ्यायचं नाही. कोणी उतावळेपणानं "सर, बेडूक!" म्हणून ओरडलं, की झनकलाल टेबलावरचे सगळे दाणे उचलून पुन्हा त्याच्या हातावर ठेवत.

"आता पुन्ना पयल्यापासून. नाव कायले सांगून राहिला बे? नाव त बरणीवर लिवलंच हाये. मले थे सांग जे लिवलं नाई."

खरं म्हणजे ते 'सर' नव्हते. प्रयोगशाळेचे परिचर होते, दहावी झालेले. शिकवायची नेमणूक माझी होती. मी नागपूरहून एम.एस्सी.चं पदक गळ्यात घालून गोंदियाच्या या कॉलेजात रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी या गृहस्थानं माझ्याही हातावर दहा दाणे ठेवले आणि भिंतीवरच्या पालीकडे बोट दाखवलं. साधी घरातली पाल! मी हसले. सहा दाण्यांवर माझं हसू थांबलं आणि सातवा काही सुचेना.

"रोज दिसते नं मॅडम, म्हनून पाहिली नाई कवा," झनकलाल म्हणाले, आणि उरलेले चार दाणे त्यांनीच एकेक करून उचलले. तिला पापण्या नाहीत, म्हणून ती जिभेनं डोळा पुसते. तिच्या बोटांखाली आडव्या घड्या आहेत. डोळ्यातली फट उभी आहे. आणि ही मादी आहे, पोटाच्या कातडीतून दोन अंडी दिसताहेत. मी स्टुलावर चढून पाहिलं. खरंच दोन अंडी होती. पदक त्या दिवशी मी मनातल्या मनात काढून ठेवलं.

झनकलाल तिरोड्याजवळच्या एका खेड्यातून रोज गाडीनं येत. घरी थोडी बांधी होती, धानाची शेती, म्हणून खिशातलं धान कधी आटलं नाही. अंगानं वाळकुडे, खाकी शर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ही काडी बदला म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. "काच कुठं तुटली?" एवढंच उत्तर. हट्टी माणूस. रजेचे अर्ज महिनाभर उशिरा देत, आणि प्राचार्य रागावले की शांतपणे म्हणत, "सुट्टी त झाली जी. आता कागद पुढं गेला काय न मांगं आला काय!"

त्यांचे दोन नेम होते, आणि त्यांत सूट नव्हती. कोणताही नमुना आला की आधी धुवायचा. "मळ सगळ्याईचा सारकाच असते," ते म्हणत. दुसरा नेम म्हणजे पाहायला सुरुवात नाकापासून करायची आणि शेपटीच्या टोकाला थांबायचं. जे आधी डोळ्यात भरतं तिथून सुरुवात केली तर बाकीचं राहून जातं, असं त्यांचं मत. फोनवरच्या फोटोंवर त्यांचा राग होता. मुलं बागेतल्या किड्याचा फोटो दाखवत आली, तर ते फोन उलटा करून पाठीमागे बघत आणि म्हणत, "याचं पोट कुठं हाये? फोटोत पोट दिसत नाई, बाबू."

अशा माणसाजवळ दहा वर्षं काम करून मी जे करायला नको तेच केलं.

एप्रिलचा महिना होता, परीक्षा चालू होत्या. वनखात्याच्या एका नाक्यावरच्या तरुण गार्डनं माझ्या फोनवर फोटो पाठवला. चिखलानं माखलेला, चार पायांचा, लांब शेपटीचा एक मेलेला प्राणी, अर्धा जाळ्याच्या दोऱ्यात गुंडाळलेला. खाली प्रश्न: 'मॅडम, घोरपड आहे का?' माझ्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी अंगठ्यानं लिहिलं, 'हो, घोरपडच,' आणि फोन पर्समध्ये टाकला. संध्याकाळपर्यंत मी ते विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकाशी एक बाई बसली होती. ज्या मॅडमनं सांगितलं त्या कुठं भेटतील, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती. झनकलाल स्टेशनावरून चालत आले आणि तिच्यापाशी थांबले. ती सेवंता, सोमाजी नावाच्या ढीवराची बायको. सोमाजी गावच्या तलावात जाळं टाकून मासे धरायचा. आदल्या पहाटे जाळ्यात हा प्राणी बुडून मेलेला आला. कोणीतरी फोटो काढून नाक्यावर कळवलं, आणि माझ्या एका शब्दावर सोमाजीवर घोरपड मारल्याचा आळ आला. घोरपड मारणं म्हणजे साधा गुन्हा नव्हे, त्यात तुरुंग आहे. रात्र त्यानं नाक्यावर काढली होती आणि दुपारी त्याला कोर्टात नेणार होते.

झनकलाल तिला घेऊन माझ्याकडे आले. सेवंता रडत नव्हती. ती चिडली होती.

"घोरपड आमाले ओळखू नाई का जी?" ती म्हणाली. "लहानपनापासून पाहून राहिलो. थे घोरपड नाईच. काय हाये थे नाई मालूम. पन घोरपड नाई. मालक सांगून सांगून थकला, त म्हनते कॉलेजच्या मॅडमनं लिवून देलं."

मी झनकलालांकडे पाहिलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, घोरपड म्हनलं तवा किती दाणे झाले होते?"

खोटं बोलायची सोयच नव्हती.

"एकही नाही," मी म्हणाले.

ते वळले. आत जाऊन पांढरा ट्रे, मोठा चिमटा आणि मऊ ब्रश घेऊन आले आणि म्हणाले, "गाडी काढा."

सेवंताला मागून यायला ऑटोत बसवून दिलं आणि आम्ही माझ्या स्कूटरवरून निघालो. झनकलाल ट्रे छातीशी धरून मागे बसले. तो प्राणी जनावरांच्या दवाखान्यात बर्फात ठेवला होता. नाक्यावरचे साहेब आणि डॉक्टर दोघंही तिथं होते. साहेब भले होते. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पाहायचं असेल तर जरूर पाहा. पण दोनच्या आत."

झनकलालांनी आधी पाणी मागितलं. जाळ्याचा एकेक दोरा सोडवला आणि लहान पोराला न्हाऊ घालावं तसं त्या प्राण्याला धुतलं. चिखलाखालून राखट रंग निघाला, त्यात कुठं कुठं जुना हिरवा. मग त्यांनी ट्रेच्या कडेला धानाचे दाणे ओतले आणि मला वही काढायला लावली.

"नाकापासून लिवा. तोंड आखूड, बोथड. घोरपडीचं लांब असते." एक दाणा त्यांनी बाजूला सरकवला. त्यांनी चिमट्यानं जबडा उघडला. "जीभ पाहा. जाडी, मासाची. दोन फाटे नाईत." दुसरा. "दात पाहा, पानाच्या कडेसारके कातरलेले." तिसरा. मग ते कानाशी आले आणि थबकले. कानाच्या पडद्याच्या खाली एकच मोठा गोल खवला होता, रुपयाएवढा, शिंपल्यासारखा चमकणारा. बाकी सगळे खवले बारीक आणि हा एवढा मोठा! झनकलालांनी चष्मा वर केला आणि नाक त्याला लागेपर्यंत वाकले. "अरे बाप," ते हळूच म्हणाले, "हे कायले असन रे तुले?" सोमाजी, कोर्ट, दोन वाजताची वेळ, सगळं क्षणभर विसरून ते त्या मेलेल्या जनावराशीच बोलत होते.

पुढं गळ्याखाली लोंबणारी कातड्याची झोळी निघाली, तिच्या पुढच्या कडेला काटे. डोक्यावर मधोमध एक फिकट टिंब, तिसऱ्या डोळ्याच्या जागी. पाठीवर हात उलटा फिरवला, तशी मानेपासून शेपटीपर्यंत चिकटून बसलेली काट्यांची रांग फणीच्या दातांसारखी उभी राहिली. फोटोत ती चिखलात दडली होती. मांड्यांच्या खालून बारीक छिद्रांची ओळ. मागच्या पायाचं चौथं बोट सगळ्यांत लांब. शेपटी चाबकासारखी, तिच्यावर काळे पट्टे. दहावा दाणा बाजूला गेला आणि झनकलाल माझ्याकडे वळले.

"आता तुमी. मले याचं नाव येत नाई. असं जनावर मी कवाच पाहिलं नाई."

मला येत होतं. पुस्तकात शंभरदा पाहिलेलं. कानाखालचा तो गोल खवला तर या जातीची सहीच. इग्वाना. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत, नदीकाठच्या झाडांवर राहणारा सरडा. हौशी लोक त्याचं वीतभर हिरवं पिल्लू विकत घेतात आणि ते चार-पाच फुटांचं झालं की घाबरून कुठंतरी सोडून देतात. कोणाच्या घरातून हा आमच्या तलावापर्यंत पोचला ते आजपर्यंत कळलेलं नाही.

डॉक्टरांनी पोट उघडलं. आत खेकडा नव्हता, अंडं नव्हतं, बेडकाचं हाडही नव्हतं. शेवग्याचा पाला होता, आणि जास्वंदीची एक चुरगळलेली पाकळी. घोरपड पाला खात नाही हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

साहेबांनी वही पाहिली, पोट पाहिलं आणि म्हणाले, "पटलं. पण मॅडम, कालचं लेखी तुमचंच आहे. आज नवं लेखी लागेल."

मी बाहेर येऊन प्राचार्यांना फोन केला. ते म्हणाले, चूक वगैरे शब्द नको, कॉलेजचं नाव आहे. 'अधिक तपासणीअंती असे आढळले' असं लिहा. मला ते बरं वाटलं, हे कबूल करते. मी तसंच लिहिलं आणि सही करण्याआधी कागद झनकलालांपुढे धरला. त्यांनी सावकाश वाचला.

"अधिक तपासनी?" ते म्हणाले. "मंग पयली कवा केली होती?"

एवढं बोलून ते ब्रश धुवायला निघून गेले. व्हरांड्याच्या टोकाला सेवंता उभी होती, ती माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होती. मी तो फाडला. नव्या कागदावर लिहिलं: 'प्राणी न पाहता, फोटोवर नजर टाकून मी घोरपड असे मत दिले. ती माझी चूक. त्याबद्दल सोमाजी यांना झालेल्या त्रासाला मी जबाबदार आहे.' खाली प्राण्याच्या दहा खुणा लिहिल्या, मग नाव, मग सही.

आम्ही नाक्यावर पोचलो आणि सोमाजीला सोडलं, तेव्हा पावणेदोन झाले होते. मी त्याची माफी मागितली. तो फाटकाकडे चालू लागला. पण जाता जाता तो झनकलालांपाशी थांबला.

"मंग माया जाळ्यात आला थो कोन होता जी?"

झनकलालांनी त्याला कडुनिंबाच्या सावलीत बसवलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत सगळं सांगितलं. सोमाजी मान डोलावत ऐकत होता. मधेच त्यानं विचारलं, "इतक्या दूरचा जीव, याले इथलं पानी कसं मानवलं असन?" त्यावर दोघंही बराच वेळ बोलत बसले. सेवंतानंच शेवटी नवऱ्याला हाताला धरून उठवलं.

रीतसर पत्र घेऊन तो इग्वाना आम्ही कॉलेजात आणला. मोठ्या बरणीत ठेवला. चिठ्ठीवर मी नाव, ठिकाण आणि 'जाळ्यात सापडला: सोमाजी, मासेमार' असं लिहिलं. झनकलालांचं समाधान होईना.

"तुमचं थे कागदावरचं वाक्यबी लिवा."

"कशाला? मुलं हसतील मला."

"हासू द्या नं. आपुन चुकलो थे पोट्ट्याईले दाखवाले कायची लाज?"

मी तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी लिहिलं: 'प्रथम घोरपड म्हणून नोंद. चूक माझी,' आणि खाली पूर्ण नाव. ते वाचून झनकलालांनी बरणीची चिठ्ठी भिंतीकडे न वळवता खोलीकडे वळवली. साऱ्या कपाटात तेवढी एकच बरणी तशी आहे.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, आणि त्यानंतरच्या थंडीत न्यूमोनियानं गेले. तेराव्याला मी त्यांच्या गावी गेले होते. सोमाजी आणि सेवंता आधीच येऊन बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले. मला तिथं फार रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

दर जूनला नवी मुलं येतात, कपाटासमोर रेंगाळतात आणि कोणीतरी ती चिठ्ठी वाचतंच. "मॅडम, ही चूक तुम्ही केली होती?" मी हो म्हणते. म्हणायला अजूनही एक क्षण लागतो. झनकलालांनी तेवढाही लावू दिला नसता.