भिंतीवरचं इंग्रजी

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मी कामाला लागले तेव्हा सगळ्यात जास्त भीती भिंतींची वाटायची. आमच्या युनिटमध्ये दवाखान्याचा कापूस तयार होतो. रुई उकळतात, धुतात, वाळवतात आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र गुंडाळ्या आमच्याकडे पॅकिंगला येतात. कामाचं काही वाटत नव्हतं. पण जिकडं बघावं तिकडं इंग्रजी पाट्या, आणि मी शाळा सोडली तीच इंग्रजीच्या धाकानं. नववीच्या पेपरला घाबरून बसलेच नाही, मग दहावीचं तोंडच बघितलं नाही. पाटीखालून जाताना वाटायचं, इथं माझ्याबद्दलच काहीतरी लिहिलंय आणि मला ते कळत नाहीये.

माझं गाव उमरखेडच्या पलीकडं. एसटीनं निघालं की अर्धा दिवस जातो. जीव लावणारं इथं कुणी नव्हतं, पण मॅडमच्या घराची मागची खोली भाड्यानं मिळाली. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. मूळच्या बाभुळगावकडच्या, यजमान वारलेले, मुलगा बंगळूरला. घराला पुढं ओटा, नळाजवळ लिंबाचं झाड, आतल्या खोलीत बुद्धाची मूर्ती. पौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसून खीर करायच्या आणि पहिली वाटी मागच्या दाराला आणून द्यायच्या. आपल्या बोलीत बोलायच्या. फक्त शिकवताना पुस्तकातलं बोलायच्या.

शिकवणं सुरू झालं ते पाटीवरून. मी एक पाटी हातावर पेनानं उतरवून आणली होती. मॅडमनी हात उजेडाकडं धरला.

"इन केस ऑफ फायर. आग लागली तर. तुले काय वाटलं होतं?"

"मला वाटलं, नवीन बायांनी इथं उभं राहू नये."

त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "इंग्रजीचा शब्द एकटा पाठ करायचा नाही. 'इन'चा अर्थ, 'ऑन'चा अर्थ असं धरशील तर हातात काहीच राहणार नाही. तो जोडीनं फिरतो. अ‍ॅट होम, ऑन फूट, बाय बस, इन द सन. जोडीसकट उचल."

"हे लेकरांचं झालं, मॅडम. घरात, उन्हात, बसनं... हे कशाला? मला ऑफिसातलं शिकवा."

हट्टाला कारण होतं. पॅकिंगमधून माल तपासणाऱ्या चेकरची जागा निघणार होती आणि विचारणारे साहेब इंग्रजीतून विचारतात असं सगळ्या म्हणत होत्या. मॅडमनाही ते पटलं. त्यांच्या वडलांनी त्यांना इंग्रजी शिकायला लावलं तेच अर्जांसाठी. वस्तीतल्या नळाचा, रस्त्याचा, दिव्याचा प्रत्येक अर्ज शाळकरी पोरीकडून इंग्रजीत लिहून घ्यायचा आणि साहेबापुढं ताठ मानेनं ठेवायचा. "तशा अर्जाले साहेब बसूनच राहत नव्हता," त्या सांगायच्या. "खुर्चीतून उठे."

तर मी ऑफिसातलं शिकले. विथ रेफरन्स टू. इन स्पाइट ऑफ. इन द अ‍ॅब्सेन्स ऑफ. ड्यू टू. विदाउट डिले. संध्याकाळी मॅडम भाजी निवडत ओट्यावर बसायच्या, मी खालच्या पायरीवर. त्या मराठीतून एखादी अडचण सांगायच्या, मी ती इंग्रजीत बसवायची. माल फाटला, गाडी उशिरा आली, बाई गैरहजर आहे. साहेबांनी पुढं तसंच काहीसं विचारलं आणि मी तसंच उत्तर दिलं. चेकर झाले. पांढरा कोट मिळाला. तो घालून दाखवायला मी आधी घरी फोन लावला नाही, आधी मॅडमच्या दारात गेले. आज मी जी काही आहे ती त्या पायरीमुळे, हे मी कुणालाही सांगेन.

त्या हिवाळ्यात मॅडम मोरीत घसरल्या. डावं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी त्या एका हातानं तूर निवडत होत्या आणि भाजीवाल्याला सुनावत होत्या, "वांगे बुढ्ढे झाले बाप्पा तुह्ये. पेन्शन लागू कर त्याईले." पण बंगळूरला घोर लागला. मुलगा म्हणायचा, आई सगळं बरंच सांगते, तिचं खरं धरता येत नाही. सून केरळची, तिला मराठी येत नाही, दोघं नवरा-बायको घरातही इंग्रजीतच बोलतात. तिनं निरोप दिला की आई इकडं आल्या तर बघायचं मलाच आहे, तेव्हा रविवारी मीच फोन करते आणि घरात राहणाऱ्या ताईशीच बोलते.

मॅडमनी मला आदल्या दिवशी जवळ बसवलं.

"थे तुले विचारीन, मी एकटी राहू शकतो का म्हणून. तुह्या सांगण्यावर हाय आता. नाईतर मले घेऊन जातीन." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मले नाई जायचं पोरी. चांगलं बोलजो."

चांगलं बोलजो. मी रात्री झोपेपर्यंत आणि सकाळी उठल्यापासून तेच घोकलं. मॅडमच्या सुनेशी बोलायचं, तेही मॅडमबद्दल. आमच्याकडं मोठ्या माणसाबद्दल त्याच्या घरच्यांशी बोलताना कसंही उघडंवाघडं बोलत नाहीत, शब्दाला पदर लागतो. माझ्याकडं पदराचं इंग्रजी एकच होतं, ऑफिसातलं.

दुपारी फोन आला. मॅडम शेजारीच बसलेल्या, फोन स्पीकरवर. सुनेचा आवाज मऊ होता. तिनं सरळ विचारलं, आई ठीक आहेत का, स्वतःचं स्वतः करतात का.

मी उभी राहिले. "गुड आफ्टरनून, मॅडम. विथ रेफरन्स टू युवर मदर-इन-लॉ, शी इज अंडर माय ऑब्झर्वेशन."

पलीकडं चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग, "इज शी इन पेन?"

"इन स्पाइट ऑफ पेन, शी इज इन स्टेबल कंडिशन."

"अँड व्हेन यू आर अ‍ॅट वर्क?"

"इन माय अ‍ॅब्सेन्स, शी इज विदाउट असिस्टन्स." हे मी आपलं खरं तेच सांगितलं. "बट इन केस ऑफ इमर्जन्सी, आय विल कम विदाउट डिले."

मी न अडखळता बोलले. मॅडमनी उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "एकही चुकलं नाई." त्यांच्या डोळ्यांत तेच होतं जे त्यांच्या वडलांच्या डोळ्यांत असेल, साहेब खुर्चीतून उठल्यावर. दोघींनी त्या दिवशी मोठ्या आनंदानं चहा घेतला. दुसरा कपही घेतला.

पंधरवड्याच्या आत मुलगा येऊन उभा राहिला. फाटक उघडायला मॅडमच गेल्या. तो त्यांच्याकडं बघतच राहिला.

"तू चालते आहेस," तो म्हणाला.

"मंग काय उडू?"

त्याला वाटलं होतं आई अंथरुणाला खिळलेली असेल. बायको त्या फोननंतर रडली होती. डॉक्टर बोलतात तसं ती ताई बोलत होती, म्हणाली. तिनं खोली रिकामी केली, पलंग बदलला, ऑफिसातून दुपारी घरी यायची परवानगी काढली. विमानाची तिकिटं निघाली होती, जाण्याची, नागपूरहून, दोघांची. आईला धडधाकट बघून तो गोंधळला खरा, पण इतकी तयारी झाल्यावर मागं कोण फिरणार. "आज हात मोडला. उद्या अजून काही झालं तर?" मला म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही, ताई." तोही चांगलाच माणूस आहे. वाईट कुणीच नव्हतं, त्यामुळं भांडताही येईना.

मॅडमनी एकदाच माझी बाजू घेतली. "पोरगी बरोबर बोलली. मीच शिकवलं थे." मग बॅग भरताना त्यांनी चष्म्याची डबी तीनदा शोधली. ती हातातच होती.

त्या गेल्यावर मी पुष्कळ दिवस पाट्या वाचत राहिले. आता सगळ्या कळत होत्या. आग लागल्यास, अपघात झाल्यास, परवानगीशिवाय, गैरहजेरीत, विलंबामुळे. चांगल्या दिवसाबद्दल एकही पाटी नव्हती. बरोबरच आहे, सगळं नीट चाललेलं असताना कोण पाटी लावतो? आणि मी माझ्या मॅडमबद्दल सांगायला तेच घेऊन गेले होते. लेकरांचं म्हणून जे बाजूला सारलं, उन्हात, खिडकीपाशी, चहासोबत, त्यात त्या होत्या. तेवढं आधी शिकले असते तर. पण मला घाई होती, चेकर व्हायचं होतं. झालेही.

मी अजून मागच्याच खोलीत राहते. पुढच्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. गॅस बंद आहे ना, नळ टपकत नाही ना, म्हणून कामावर निघाल्यावर अर्ध्या वाटेतून परत येते. रविवारी मॅडमना फोन करते. त्या फोनवरून शिकवतात, आता ते लहान लहान. कुठं बसलीस, कशावर, कशाखाली, कुणासोबत. मी उत्तर देते, ऑन द स्टेप, अंडर द ट्री. "कुणासोबत"ला पुष्कळदा उत्तर नसतं.

परवाच्या रविवारी फोन सुनेनं उचलला. मॅडम अंघोळीला गेल्या होत्या. तिनं सहज विचारलं, घर कसं आहे. या वेळी मी उभी राहिले नाही. पायरीवरच बसून, समोर दिसत होतं ते सांगत गेले. लिंबाचं झाड नळाजवळ आहे. लिंबं जमिनीवर पडलीत. सकाळी ऊन ओट्यावर येतं. बाय द टॅप, ऑन द ग्राउंड, इन द मॉर्निंग. मॅडम तिथं उन्हात बसायच्या, विथ हर टी, विथ द न्यूजपेपर. पोस्टमन फाटकापाशी आला की त्या त्याच्याशी किती तरी वेळ बोलायच्या. भाजीवाला त्यांना बघून चांगली वांगी खाली लपवायचा.

"व्हेन वॉज धिस?" तिनं विचारलं.

"एव्हरी डे."

"आफ्टर द फॉल ऑल्सो?"

"आफ्टर द फॉल ऑल्सो. विथ वन हँड."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग दार, बादली, आणि मॅडमचा आवाज जवळ आला.

"काय सांगून राह्यली व तू तिले? रडून राह्यली थे."

"घराचं सांगितलं, मॅडम."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बसल्यावर त्या म्हणाल्या, "मंग मलेही सांग."

"इंग्रजीत?"

"नाई व. आपल्यात."

मी फाटकापासून सुरुवात केली.