गॅसचा दुप्पट फंड आणि आईचा परवाना

आमच्या घरात देव्हारा लहान आणि पत्रकांची पेटी मोठी होती. बाबा नागपूरला इंजिनिअरिंग शिकत असताना कामगारांसाठी, ग्राहकांसाठी पत्रकं लिहायचे आणि चौकात उभं राहून वाटायचे. एडमंटनला येताना त्यांनी एक अख्खी बॅग त्या कागदांनी भरली होती. मी मराठी वाचायला बेसमेंटमध्ये बसून त्यांवरच शिकले. सगळ्यांचा सूर एकच: माणसाला खरी माहिती द्या, मग तो फसत नाही. माझा त्यावर कडवा विश्वास होता. तो कसा गेला ते लिहिते आहे.

आई नागपूरला दातांची डॉक्टर होती, चौदा वर्षं स्वतःचा दवाखाना. एडमंटनमध्ये ती एका क्लिनिकमध्ये अवजारं निर्जंतुक करून ट्रेमध्ये लावायची आणि तिच्या भाच्याच्या वयाचा डॉक्टर ती उचलायचा. इथला परवाना हवा तर आधी परीक्षा, मग विद्यापीठात दोन वर्षं, आणि त्याची फी आमच्या घराच्या डाउन पेमेंटपेक्षा जास्त. तिने सहा वर्षं पगारातून बाजूला काढलं. परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली. प्रवेश नक्की मिळेल असं दिसायला लागलं, तेव्हा रक्कम थोडीच कमी पडत होती. तेवढी वाढवायचं बाबांनी मनावर घेतलं.

बाबा गॅसच्या पाइपलाइनवर इंजिनिअर होते. मंदीनंतर गॅस मातीमोल झाला होता आणि थंडीत तो चढणार हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आईने साठवलेले सगळे पैसे घालून त्यांनी ऑनलाइन अकाउंटमधून एक फंड घेतला. गॅसचा भाव दिवसभरात जेवढा हलेल, त्याच्या दुप्पट तो हलायचा. घेताना कुणी काही विचारलं नाही. ‘मी वाचलं आहे’ या चौकटीत खूण केली की झालं. बाबांनी खरंच वाचलं होतं. ऑफिसात माहितीपत्रक छापून घेतलं, लाल पेन्सिलीने रेघा मारल्या, जसे ते आयुष्यभर कागद वाचत आले तसे.

“रोज दुप्पट, म्हणजे वर्षाचं पण दुप्पट,” त्यांनी जेवताना आईला समजावलं. “गिअरसारखं आहे हे.”

“गिअर तुटत नाही ना?” आई म्हणाली.

“तू दातांचं बघ.”

आमच्याकडे बाजार सकाळी साडेसातला उघडायचा. बाहेर गाडी वॉर्म अप होत असायची आणि बाबा बूट घालून, जॅकेटची चेन लावून कॉम्प्युटरसमोर उभे असायचे. शरद ऋतूत भाव आपटला. ते हलले नाहीत. मग उणे तीसची थंडी पडली, भाव चढला आणि त्यांनी घेतला होता तिथे परत आला. त्यांचा गॅसचा अंदाज बरोबर निघाला. फंड मात्र निम्म्यावर होता.

आधी त्यांना वाटलं, स्क्रीन चुकली आहे. शनिवारी ते किचनच्या टेबलावर वही घेऊन बसले. भाव शंभर. एक दिवस दहा टक्के पडला, नव्वद. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर. फंड मात्र शंभरावरून ऐंशीला आला आणि दुसऱ्या दिवशी जेमतेम अठ्ठ्याण्णवपर्यंत पोचला. दोन दिवसांत दोन गेले, आणि भाव होता तिथेच. हे महिनोन्‌महिने, वर खाली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, आणि त्याखाली त्यांचीच लाल रेघ होती.

त्यांच्या ऑफिसातल्या एकाने उलटा फंड घेतला होता, भाव पडला की चढणारा. त्याचेही बुडाले.

“वर गेला तरी बुडले, खाली गेला तरी बुडले,” आई म्हणाली. “दोन्ही उमेदवार पडले, मग निवडून कोण आलं?”

कुणी हसलं नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि रागाने पेटले होते. प्रांतातल्या शेअर बाजाराच्या नियामकांना पत्र लिहायला घेतलं: हे फंड एका दिवसाच्या सट्टेबाजाचं हत्यार आहेत, ते साध्या माणसाला विकूच नका, नुसता इशारा छापणं म्हणजे हात झटकणं आहे. बाबांचं उदाहरण नाव न देता घातलं. त्यांना मसुदा दाखवला.

“हे काय लिहून राहिली तू?” ते म्हणाले. “साध्या माणसाला विकू नका? म्हणजे लखपतीने घ्यावं, माझ्यासारख्याने नाही? त्याला अक्कल आहे, मला नाही? हेच शिकवलं का मी तुला?”

“बाबा, त्याचे बुडाले तर त्याची एक मोटरबोट जाते. आपलं काय गेलं?”

त्यांनी मसुदा टेबलावर ठेवला. मला वाटलं, मी जिंकले. आजही ते आठवलं की लाज वाटते, पण मुद्दा मी आजही मागे घेणार नाही.

आई भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती. ती वळली नाही.

“मी हजारो दात काढलेत,” ती म्हणाली. “इथे मला कुणाच्या तोंडात आरसासुद्धा घालू देत नाहीत. पेशंटला धोका नको म्हणून. बरोबर आहे त्यांचं, मी कधी तक्रार केली का? मग अहो, तुम्हाला कुणीच कसं अडवलं नाही?”

बाबा लाल पेन्सिल घेऊन टेबलाशी बसले. मग माझा मसुदा ओढून घेतला, अठ्ठ्याण्णवच्या हिशेबात माझी चूक झाली होती ती दुरुस्त केली आणि कागद परत सरकवला. आईचं वाक्य मी पत्रात जसंच्या तसं घातलं. काही आठवड्यांनी पोच आली. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, एवढंच.

त्याआधी विद्यापीठाचं पत्र आलं होतं. प्रवेश मिळाला होता. दोन आठवड्यांत रक्कम भरायची होती. बाबा घरावर आणखी कर्ज काढू म्हणाले. आई नको म्हणाली. बाबांच्या कंपनीतून त्या हिवाळ्यात माणसं कमी होत होती. एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती घरी आली आणि माझ्यासमोर विद्यापीठाला फोन केला. आडनावाची अक्षरं एकेक करून सांगितली. जागा पुढच्या वर्षासाठी राखता येईल का, विचारलं. येत नव्हती.

“यस,” ती म्हणाली, “यू कॅन गिव्ह इट टू समबडी.”

मग पलीकडून कारण विचारलं असावं. आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

“नो, नॉट हेल्थ,” ती म्हणाली. “एव्हरीबडी इज फाइन.”

क्लिनिकमध्ये एक वाजताची पेशंट होती, म्हणून ती न जेवता निघाली.