शेवटच्या आधीची बस

पडदे शिवणं हा तिचा व्यवसाय. रंगाच्या दुकानावर एक लांबट खोली, खोलीत कापड पसरायला मोठं टेबल, दोन मशिनी आणि भिंतीला टेकवून ठेवलेले कापडाचे तागे. लोकांच्या घरी जाऊन ती खिडक्यांची मापं घेऊन येई, आणि तिने शिवलेला पडदा कधी आखूड पडला असं झालं नाही. कापताना तिचा हात नेहमी सैल असायचा. खाली दुमडायला जास्तीचं, कडेला जास्तीचं, धुतल्यावर आटेल त्याचं आणखी वेगळं. नवरा म्हणायचा, "हिने मोजलेली खिडकी भिंतीपेक्षा मोठी निघते."

वेळेच्या बाबतीतही तिचा हात तसाच. घरातली सगळी घड्याळं पुढे. किती पुढे ते फक्त तिला माहीत, त्यामुळे नवरा आणि मुलगी घड्याळाकडे बघितलं की मनातल्या मनात वजाबाकी करायचे आणि तरीही चुकायचे.

अशी काळजीखोर बाई घराबाहेर पडतच नसेल असं कुणालाही वाटेल. पण तिला भटकायची भारी हौस. सुट्टीच्या दिवशी डबा भरायचा, पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, छत्री घ्यायची आणि बसस्थानकावर जाऊन उभं राहायचं. गाडी नव्हती, घ्यायचा विचारही नव्हता. बसने सकाळी जाऊन दिवसाउजेडी परत येता येईल असं आसपासचं एकही ठिकाण तिने सोडलं नव्हतं. डोंगरातला तलाव, जुनं धरण, बंद पडलेली दगडाची खाण, पाणपक्ष्यांची दलदल. मुलगी बोट धरून चालायला लागली तेव्हापासून दोघी जात होत्या. नवरा छापखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून हलत नसे. "तुम्ही जा. परतायला घर जागेवर असावं म्हणून मी थांबतो," असं तो पांघरुणातूनच सांगायचा.

या भटकंतीला नियम एकच. शेवटच्या बसने यायचं नाही, शेवटच्या आधीच्या बसने यायचं. बसमधून उतरताच ती समोर काय आहे ते बघायची नाही. आधी कंडक्टरला, मग पानवाल्याला, मग स्टॉपवरच्या एखाद्या म्हाताऱ्याला परतीची बस विचारायची आणि तिघांची उत्तरं जुळेपर्यंत तिचं समाधान व्हायचं नाही. त्यामुळे घरात तिचं नावच 'परतीवाली' पडलं होतं.

तलावाला पूर्ण फेरी त्यांनी कधी मारली नाही. खाणीच्या तोंडापासून मागे फिरल्या. पक्षी संध्याकाळी दलदलीत उतरतात. या दोघींनी दुपारची रिकामी दलदल तीनदा पाहिली.

"आई, आपण सगळीकडे जाऊन आलो," मुलगी म्हणायची, "आणि काहीच बघितलं नाही."

"घरी सुखरूप आलो ना?"

"आलो. सुखरूप आणि कोरे."

मुलगी आता तेवीस वर्षांची होती. नद्यांचं पाणी मोजणाऱ्या खात्यात तिची निवड झाली होती. काम होतं डोंगरातल्या एका गावावर, नदीकाठच्या मोजणीच्या खोलीत राहण्याचं. रोज पातळी बघायची, पाऊस मोजायचा, वरच्यांना कळवायचं. सोबतीला कुणी नाही. खोलीच्या खाली घळ, घळीत धबधबा, आणि गाव पायवाटेने खाली. येते की नाही, ते खात्याला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं.

तिने आईपुढे भांडण मांडलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आईला पुन्हा पुन्हा वाटत होतं. ती एवढंच म्हणाली होती, "तू माझ्याबरोबर ये, जागा बघ. बघून नाही म्हणालीस तर मी नाही जाणार. शब्द देते."

मुलगी शब्द पाळणारी होती. घोडं अडत होतं ते तिथेच. आपण नाही म्हटलं की विषय संपणार, ती शहरात कुठेतरी टेबलावर बसून काम करणार, आणि तक्रारीचा एक शब्दही काढणार नाही. सगळं आपल्या जिभेच्या टोकावर आहे, हे आईला पक्कं माहीत होतं. जागा बघायला निघाल्या त्या सकाळी डबा, बाटल्या आणि छत्रीबरोबर तिने तो नकारही पिशवीत भरून घेतला.

बस नदीच्या कडेकडेने वर चढत गेली. शेवटी शेवटी प्रवासी विरळ झाले, वळणं वाढली, आणि प्रत्येक वळणाला आई मागे वळून रस्ता बघत गेली. इथून रात्री ताप आला तर पोर कुणाला हाक मारणार? दगडी पुलापाशी दोघी उतरल्या. उतरताच आईने चौकशी केली. चहाच्या टपरीवर एक जाडसर बाई स्टोव्हला पंप मारत होती. तिने दुपारच्या आणि संध्याकाळच्या, दोन्ही गाड्या सांगितल्या.

"संध्याकाळची शेवटची?"

"हो. त्यानंतर उद्याच."

"मग आम्ही दुपारच्या गाडीने जाऊ," आई म्हणाली.

टपरीवाली हसली. "अहो, नुसता डोळा मारायला आलात काय गावाला?"

पायवाट चांगली होती, पण आई हळू चालली. दोनदा बुटांच्या नाड्या बांधल्या, एकदा डबा खायला बसली, मग पाणी प्यायला. घळीचा आवाज कानावर यायला लागला आणि तिने घड्याळ बघितलं. "परत फिरायला हवं."

"अगं, वळणापलीकडेच आहे. आवाज येतोय बघ."

"आवाज आला म्हणजे कळलं कसं असेल ते."

मुलगी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. "आई, तुला बघायचंच नाहीये. न बघता नाही म्हणणं सोपं जातं तुला."

आईने पिशवी खांद्याला लावली. ती खाली निघाली, आणि मुलगी मागोमाग आली.

स्टॉपवर पोचल्या तेव्हा गाडीला वेळ होता. सकाळी टपरीच्या बाजूला उतरलो, तेव्हा जाताना समोरच्या बाजूला उभं राहायला हवं. हे आईचं आयुष्यभराचं शास्त्र. ती रस्ता ओलांडून भिंतीच्या कडेला छत्री उघडून उभी राहिली. मुलगी म्हणाली, "विचारून बघू का?"

"यात काय विचारायचं? येताना इकडून, जाताना तिकडून."

थोड्या वेळाने बस आली. सकाळी आली तशीच, खालच्या अंगाने, आणि थांबली टपरीपुढे. दोन माणसं चढली. 'ही आणखी वर चाललेली दिसते,' असं म्हणून आई जागची हलली नाही. उलट ड्रायव्हरने विचारल्यासारखं बघितलं तेव्हा तिने नको म्हणून हात हलवला. बस गेली.

टपरीवाली ओरडली, "अहो बाई! तीच की तुमची! इथे गाडी पुढे वळसा घेते आणि पलीकडच्या घाटाने शहरात उतरते. चढायचं इकडूनच. त्या बाजूला आमच्या कोंबड्यासुद्धा उभ्या राहत नाहीत!"

आई छत्री मिटून रस्ता ओलांडून आली. एवढ्या वर्षांत परतीची बस चुकली नव्हती. आणि आज ती डोळ्यांसमोर येऊन थांबली, वाट बघून गेली, आणि आपणच हात हलवून तिला जा म्हटलं. आयुष्यात एकदाच, कुठे उभं राहायचं ते तिने कुणाला विचारलं नव्हतं.

मुलगी हसू दाबत होती. आईचा चेहरा बघून तिने ते गिळलं. "बस इथे. चहा घे."

टपरीच्या बाकावर कप हातात धरून आई बसली. "आता शेवटचीच राहिली."

"येईल ती."

"आणि नाही आली तर?" मग तिने न थांबता सांगून टाकलं. मुलीने हे अर्धंमुर्धं ऐकलं होतं, सबंध कधी नाही. "मी लहान होते तेव्हा वडिलांबरोबर नातेवाइकांकडून येत होते. शेवटची बस आलीच नाही. रात्रभर स्टॉपवर होतो आम्ही."

"घाबरली असशील."

"मी?" आई थांबली. "मी वडिलांच्या मांडीवर झोपले होते. सकाळी घरी गेलो तर माझी आई दारात उभी. रात्रभर उभी होती. तो चेहरा..." तिने कप खाली ठेवला. "तो चेहरा नाही विसरत मी."

"म्हणजे स्टॉपवर काहीच झालं नव्हतं."

"काहीच नाही. वडिलांनी आपला कोट घातला होता माझ्या अंगावर. छान झोप लागली होती."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि आईला स्वतःलाच ते नवं वाटलं. बसच्या भीतीचं मूळ त्या रात्रीत आहे, असं ती जन्मभर समजत आली होती. स्टॉपवर तर ती भीती नव्हतीच. ती होती घराच्या दारात, वाट बघणाऱ्या बाईपाशी.

टपरीवालीने कान दिलेलाच होता. "नाही आली गाडी असं होतं कधी कधी," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. टायर फुटतं, दरड येते. मग माणसं माझ्याकडे झोपतात. दोन खाटा आहेत, पांघरुणं आहेत. वर मोजणीला याआधी ज्या बाई होत्या ना, त्या पहिल्या रात्री माझ्याकडेच होत्या. नंतरही यायच्या, कंटाळा आला की. माझं घोरणं ऐकून म्हणायच्या, धबधबा बरा."

"आजारी पडल्या तर?" आईने लगेच विचारलं.

"पडल्या होत्या एकदा. सकाळी दिसल्या नाहीत म्हणून आमचा दूधवाला वर गेला. खाली आणलं, दवाखान्यात नेलं. एवढं मोठं गाव नाहीये हो आमचं, की माणूस दिसलं नाही तर कुणाला कळणार नाही."

आईने शेवटचा घोट घेतला, कप टेबलावर ठेवला आणि घरी फोन लावला. "अहो, आम्ही शेवटच्या गाडीने येतोय."

पलीकडून नवऱ्याचा झोपाळू आवाज आला, "कोण बोलतंय?"

"मीच! गाडी चुकली."

"फोन मुलीकडे दे. खरं काय ते कळू दे मला."

मुलगी यावेळी मोकळी हसली, आणि आईलाही हसू आलं. मग ती उठली. "चल. वेळ आहे तर बघून तरी येऊ."

वळणापलीकडे घळ होती. पाणी उंचावरून कोसळत नव्हतं. दगडांच्या पायऱ्यांवरून लांबवर उड्या घेत येत होतं, आणि उन्हात तुषारांचा पडदा हलत होता. आई कठड्याला धरून उभी राहिली. कितीतरी वर्षांनी ती एखाद्या ठिकाणी शेवटपर्यंत आली होती. परतीचं मनात येत होतं, नाही असं नाही. पण ते बाजूला उभं राहून वाट बघत होतं.

मोजणीची खोली थोडी वर होती. पांढरी, बुटकी, दाराला कुलूप. पातळी दाखवणारा आकडे रंगवलेला खांब नदीत उभा. मुलगी काठावर वाकून आकडा वाचत होती. तिच्या पाठीतला ताण गेलेला आईला लांबूनच दिसला. लहानपणी प्रत्येक ठिकाणाहून मागे फिरताना ही पाठ अशीच वाकून शेवटचं काहीतरी बघून घेत असायची. आई तेव्हा हात ओढायची.

तिने खोलीला एक फेरी मारली. दाराची कडी हलवून पाहिली, खिडकीच्या गजांना हिसका दिला. गज पक्के होते. काचेतून आत डोकावली: एक पलंग, एक टेबल, उघडी भिंत. मग पर्समधून टेप काढून तिने खिडकीच्या चौकटीला लावली.

मुलगी आवाज ऐकून वळली. ती टेपकडे आणि आईकडे आळीपाळीने बघू लागली. मग म्हणाली, "आई, इथे पडदा कशाला? बाहेर नुसती नदी आहे."

"पूर्वेची खिडकी आहे. पहाटे तोंडावर ऊन येईल." आईने माप घेतलं, पुन्हा एकदा घेतलं. "टोक धर तिकडचं. आणि खात्याला उद्या कळव. पण रोज संध्याकाळी फोन करायचा. कंटाळा करायचा नाही."

"नाही करणार."

"आणि मी घाबरले तर घाबरू दे मला. तू कामाला लाग."

मुलीने टेपचं टोक धरलं. दोघींनी मिळून ती एवढीशी खिडकी मोजली, आणि आईने सवयीप्रमाणे त्यात भरपूर जास्तीचं धरलं.

खाली आल्या तेव्हा सावल्या पुलावर पसरल्या होत्या. आई टपरीच्या बाजूलाच उभी राहिली. गाडीला उशीर होत होता. तिने रस्त्याच्या टोकाकडे चारचारदा बघितलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. शेवटी ती टपरीवालीकडे वळली.

"येईल हो, येईल," टपरीवाली तिने विचारायच्या आधीच म्हणाली.

"ते नाही विचारत," आई म्हणाली. "शहरातून इकडे यायला सकाळी पहिली गाडी कुठली?"