सुपरहिरोची छाती

लातूरला आमच्या मेसमध्ये सिनेमावर मत द्यायलाही मार्क लागायचे. रविवारच्या टेस्टमध्ये ज्याला जास्त, त्याचं म्हणणं खरं. क्लासमध्ये बसायची जागा मार्कांवर मिळायची, तीच सवय जेवणाच्या ताटापर्यंत आली होती. मी नांदेडहून डॉक्टर व्हायला आलेलो आणि त्या आठवड्यात पहिला होतो. म्हणजे आठवडाभर सुपरहिरोंच्या बाबतीत माझाच शब्द शेवटचा.

तेव्हा एका गाजलेल्या सुपरहिरोचा सिनेमा पुन्हा नव्यानं काढत होते, आणि हिरो म्हणून एक काडीपैलवान घेतला होता. माझं डोकंच फिरलं. "छाती बघा याची! हा पडती इमारत पेलणार? याच्यावर टॉवेल वाळत घाला!" मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "पण काम चांगलं करतो तो." त्याला फिजिक्सचे मार्क विचारून मी गप्प केलं.

मेसवाल्या मावशी किल्लारीच्या. पोळ्या वाढता वाढता त्यांनी माझ्या मोबाइलमधला फोटो निरखून पाहिला.

"लई बारीक हाय," त्या म्हणाल्या. मी सगळ्यांकडे ऐटीत पाहिलं.

"भूकंपात मला माळवदाच्या दगडमातीखालून काढलं, तो इथल्या मुरुडचा शिंपी याच्यापेक्षाबी बारीक व्हता. जीपनं आलता. दगड उचलताना खोकायचा. आन् मेल्यानं आधी माझ्या सासूला काढलं."

सगळे हसले. मावशीही हसल्या. मग माझ्या ताटात पोळी टाकत म्हणाल्या, "मला तर त्याचा निस्ता हात दिसला, बाबा. छाती बघायला टाइम कुणाला व्हता?"