पठारावर जेवायला बोलावलेला पावणा

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, जो आकडा येईल तो लिहायचा... संपलं. दारावर कुणी लिंबू-मिरची बांधली तर ही त्यातलं लिंबू काढून सरबत करेल, असं आमचे संजय आल्या-गेल्याला सांगत असतात. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. मीही हसले असते.

साल २००५. दसरा होऊन आठवडा झाला होता. पन्हाळ्याच्या पलीकडे मसाईचं पठार आहे, ट्रेकिंगवाल्यांना माहीत असेल. त्या पठाराच्या पायथ्याला पांडूतात्या आणि हौसाकाकू या नवरा-बायकोचं शेतातलं घर होतं. पुढे सोपा, मागे म्हशींचा गोठा आणि शेजारी नवीन बांधलेल्या दोन खोल्या. डोंगर चढायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांना ते त्या खोल्या द्यायचे, जेवणही काकूच करायच्या. आम्ही तिघं गेलो होतो. मी, संजय आणि माझे वडील अण्णा. भाड्याच्या जीपनं शनिवारी सोडलं, सोमवारी सकाळी परत न्यायला येणार होती.

जायचा हट्ट अण्णांचा. ते मूळचे कोडोलीचे, तरुणपणी या पठारावर खूप हिंडलेले. वय अडुसष्ट, आणि डायबेटिस. जन्मभर साखर कारखान्यात नोकरी केली आणि रिटायर होताना साखर घरी घेऊन आले, असं मी त्यांना चिडवायचे. आई गेल्यापासून त्यांचं खाणं-पिणं, औषध, इन्शुलिन सगळं माझ्याकडे होतं. कुणाला हात लावू द्यायचे नाही मी.

रविवारी सकाळी नऊला आम्ही वर निघालो. घराच्या मागूनच पायवाट होती, पंधरा-वीस मिनिटांची चढण. वर गवत अजून हिरवं, मधूनच ढग खाली उतरायचा आणि पुन्हा ऊन पडायचं. हिंडून हिंडून पठाराच्या कडेला एका सपाट कातळावर जेवायला बसलो. साडेअकरा झाले असतील. काकूंनी ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं कालवण, खर्डा, दही आणि कांदे बांधून दिले होते, वर तीन ताटंही. अण्णा खुशीत होते.

दुसरी भाकरी मोडताना त्यांना तो दिसला. शंभर-दीडशे पावलांवर एक माणूस उभा होता. डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेतलेली, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. हलत नव्हता. आमच्याकडेच बघत असावा.

अण्णांनी हाताचा भोंगा करून हाक मारली, "या पावणंऽऽ, जेवायला!"

आमच्याकडे ही रीतच आहे. जेवताना कुणी दिसलं की बोलवायचं. समोरचा "होऊ द्या, होऊ द्या" म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. कोल्हापुरात तर लोक दारासमोरून स्कूटरवर जाणाऱ्यालाही बोलावतात. तो खरंच येऊन मांडी घालून बसला तर काय करायचं, याचा विचार कुणी केलेला नसतो.

हा माणूस "होऊ द्या" म्हणाला नाही. तो वळला आणि आमच्या दिशेनं चालायला लागला. अगदी सावकाश.

तेवढ्यात मागून ढग आला. थेंब पडायला लागले, अण्णांच्या अंगात साधा सुती शर्ट. मी ताटं गोळा करायला घेतली.

"अगं थांब की जरा," अण्णा म्हणाले. "येतोय न्हवं पावणा."

"अण्णा, ते काय खरंच जेवायला येतात होय? उठा, भिजाल."

"बोलवून उठू न्हाई बघ."

मी ऐकलं नाही. उरलेल्या भाकरी फडक्यात गुंडाळल्या, त्यांच्या दंडाला धरलं आणि अक्षरशः उठवलं. मागे वळून पाहिलं तर ढगात काहीच दिसत नव्हतं. अण्णा त्या दिशेला हात जोडून "माफी करा पावणं" असं काहीतरी पुटपुटले. मला हसू आलं होतं, हे कबूल करते.

एक वाजता घरी पोचलो आणि अण्णा म्हणाले, भूक लागलीय. मला बरं वाटलं, डोंगर चढून आलेत, लागणारच. काकूंनी वाढलं. दोन भाकरी, भात, ताक. जेवून तासाभरानं त्यांना घाम फुटला. मी ग्लुकोमीटर सोबत नेला होताच. शुगर बासष्ट.

चालण्यानं साखर उतरते, हे मला कुणी शिकवायला नको. साखरेचं पाणी दिलं, वर पुन्हा भात. पंधरा मिनिटांनी सत्तर आली. अर्ध्या तासात चोपन्न. मशीन बिघडलं म्हणून माझ्या बोटाला टोचलं, माझी शहाण्णव. संजयची एकशे चार. स्ट्रिपा बदलल्या, पुन्हा तेच. गूळ दिला, केळी दिली, दूध दिलं. अण्णा हावरटासारखं खात होते आणि आकडा खालीच जात होता. नऊ वर्षांत एवढी रक्तं तपासली, खाऊनही असा उतरणारा आकडा कधी पाहिला नव्हता.

"पोटात काय जातच न्हाय गं," अण्णा म्हणाले. "नुसतं तोंडात जातंय."

तात्यांच्या फोनला दोन दिवस डायल टोन नव्हता, मोबाईलला रेंज नव्हती. संजय तात्यांची मोटरसायकल घेऊन गाडी आणायला खाली गेले. यायला-जायला दीड तास तरी लागणार होता. चार वाजत आले होते, आकडा अठ्ठेचाळीस होता आणि अण्णा मला आईच्या नावानं हाक मारत होते. दीड तास हे टिकत नाहीत, हे मला कळत होतं. माझ्याच हातात माझे वडील जाणार होते.

काकू इतका वेळ भात आणून देत होत्या. त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, वर कुनाला जेवाय बोलवलं व्हतं काय तुमी?"

मी सांगितलं. घोंगडं, हाक, ढग.

"आनि तो यायच्या आदीच तुमी उठला व्हय?"

"मी उठवलं," मी म्हणाले.

काकू तात्यांकडे बघून म्हणाल्या, "बोलवल्याला वाढाय पायजे." मग मला म्हणाल्या, "ताट तुझं तुलाच न्यायला लागंल. उठवलंस तूच न्हवं? मीबी येतो संगं, पन वाढायचं तू."

मला इतका संताप आला! इथे माणूस चाललाय आणि यांचं काय भलतंच! मी तोंडाला येईल ते बोलले. त्या वयानं माझ्या आईएवढ्या, तरी बोलले. मी परत बोट टोचलं. एकेचाळीस. चमच्यानं साखरेचं पाणी घालायला गेले तर अण्णांची दातखीळ बसलेली, पाणी गालावरून उशीवर गेलं. आता मला येत असलेलं सगळं संपलं होतं. शिरेतून ग्लुकोज देता आलं असतं, पण ते तिथे कुठून आणणार?

मी उठले. वडिलांना तसं टाकून मी डोंगरावर गेले, हे मी आजवर फक्त संजयला सांगितलंय. धावतच गेले. काकू मागून दोन ताटं फडक्यात बांधून आल्या. वर ढगच ढग, पण तो कातळ सापडला. काकूंनी एक ताट माझ्या हातात दिलं. मी ते समोर ठेवलं. भाकरी, कालवण, कांदा. माझं ताट माझ्यापुढे.

"तूबी जेव," काकू माझ्या मागे उभ्या राहून म्हणाल्या. "पावण्याला एकट्याला जेवाय घालत्यात व्हय? आनि आपल्या ताटात बघ. खानाऱ्याच्या तोंडाकडं बघू नगं."

मी "सावकाश होऊ द्या" म्हणाले आणि घास घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मी नुसती चावत होते. मनात एकच, अण्णांचा श्वास चालू असेल ना... मग ओल्या घोंगड्याचा वास आला. पठारावर धनगर असतात, वास कुठूनही येऊ शकतो. त्यानंतर अगदी समोर, हाताच्या अंतरावर, मुठीनं कांदा फोडल्याचा आवाज झाला. मी मान वर केली नाही. घाबरले म्हणून नाही. आपण बघितलं आणि तो अर्ध्यावर उठला तर, या भीतीनं.

किती वेळ गेला कोण जाणे. काकू म्हणाल्या, "ऊठ आता. झालं."

समोरच्या ताटात भाकरी होती, कालवण होतं. जसंच्या तसं. कांदा दोन फाकांत पडला होता. तो मी अख्खा ठेवला होता... बहुतेक. शपथेवर सांगा म्हणालात तर नाही सांगता येणार.

खाली धावत आले तर अण्णा सोप्यात कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. तात्या म्हणाले, "मगाशी एकदम उठून बसलं बघा. 'बास बास, लई झालं' म्हनाले आनि मोठी ढेकर दिली."

"तुम्ही काय दिलंत त्यांना?"

"काय न्हाय ओ ताई. दात कुठं उघडत व्हते?"

मी बोट टोचलं. एकशे अठरा. दहा मिनिटांनी पुन्हा, एकशे एकतीस. मी कॉटच्या पायाशी बसले आणि हमसून हमसून रडले. अण्णा माझ्या डोक्यावर हात फिरवत होते. म्हणाले, "रागवू नगंस तेच्यावर. लई दिसाचा उपाशी हुता." मी कुठे गेले होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तात्यांना मी दोनदा विचारलं.

संजय जीप घेऊन आले आणि आम्ही त्याच संध्याकाळी कोल्हापूरला दवाखान्यात आलो. अण्णांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सकाळी इन्शुलिन दोनदा तर नाही ना दिलं गेलं? होतं असं, घाईत. वर चालणं झालं. शरीर मग आपोआप सावरतं कधी कधी." मी बॅग उपसून सिरिंजा मोजल्या. चार नेल्या होत्या, तीन कोऱ्या होत्या. पण त्या काळी आम्ही एकच सिरिंज दोनदाही वापरायचो. त्या सकाळी अण्णा बाहेर म्हशी बघत होते, मी त्यांना आत बोलावलं, पोटाला टोचलं. एकदाच. मला एकदाच आठवतंय.

अण्णा त्यानंतर सहा वर्षं जगले, आणि शांतपणे गेले. त्या दिवसाविषयी मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टर बरोबर असतील, तर माझ्या बापाला मी स्वतःच्या हातानं मारत होते आणि ते आपोआप वाचले. काकू बरोबर असतील, तरी ताटावरून उठवणारी मीच. कुठूनही हिशेब लावला तरी तो माझ्यापाशीच येऊन थांबतो. फक्त काकूंच्या हिशेबात मी त्यांना वाचवायला काहीतरी करू शकले होते. रात्री झोप येत नाही तेव्हा मी, लॅबमधली बाई, देवाला एवढंच म्हणते... त्या ढगात खरंच कुणीतरी उपाशी असू दे.